एक, दोन, तीन, पाच

गेल्या मे महिन्यात शिरोड्याहून माझ्या भावाची मुले सुटीला आली होती. माझा मुलगा वसंत त्यांना खाडीवर मुळे काढायला घेऊन गेला. मुळे म्हणजे ओहोटी लागल्यावर वाळूत हाताने चाचपून काढायचे शिंपले. वसंत आता एकोणीस वर्षांचा आहे, त्याच्याबरोबर पोरे पाठवायला काळजी नाही. तरी मी मागून गेलो. तो काठावर उभा राहून पोरे मोजत होता. हाक नव्हे, पाढा म्हणावा तसा हलका, सपाट आवाज. एक. दोन. तीन. पाच.

पोरे चारच होती. जे शेवटचे होते ते काही कुरकुर न करता "पाच" म्हणून ओ देत होते.

मी वसंताला विचारले, मधला चार खंय गेलो? तो म्हणाला, "चार नसता, बाबा. तसाच असता."

तो पुन्हा मोजायला लागला आणि मी घरी परत आलो. त्याला ही मोजणी द्वारकावयनींनी शिकवली. तेव्हा तो पाच वर्षांचा होता. त्यांच्याबद्दल लिहायचे मी बरीच वर्षे टाळत आलो आहे.

मी मूळचा शिरोड्याचा. बावन्न साली बंदरावर नोकरी लागली म्हणून आचऱ्याजवळच्या या वाडीत बिऱ्हाड केले. काम मोजणीचे. आगबोट खोल पाण्यात उभी राहते आणि उतारू पडावातून ये-जा करतात. किती चढले, किती उतरले, भरती किती वाजता लागली, हे मी लिहितो. या कामाने मला एक सवय जडली आहे. पायऱ्या, माड, माणसे, जे दिसेल ते मोजतो. शेजारच्या द्वारकावयनींनी ही खोड पहिल्याच आठवड्यात हेरली. त्या कुंपणापलीकडून माझ्या बायकोला, सुमनला, म्हणाल्या, "तुझ्या घोवाक सांग, आमच्या माडांवरचे नारळ मोठ्यान मोजू नको. चोराक मेहनत पडाक व्हयी."

त्या तेव्हा पस्तिशीच्या असतील. उंच, हाडापेराने रुंद. लुगडे गुडघ्यापर्यंत खोचलेले. हसू लागल्या की आवाज येत नसे, नुसते खांदे हलत. त्यांचे यजमान परदेशी बोटीवर सारंग होते, दोन वर्षांतून एकदा घरी येत. घरात नलू आणि रघू ही दोन मुले. माझी शालू आणि वसंत, आणि पलीकडच्या घरातला मंगेश, ज्याला सगळे मंग्या म्हणत, अशी तिन्ही घरांची पाच पोरे त्या आपल्याच समजून हिंडवीत. सुटी लागली की सकाळी आमच्या खळ्यात, पुढच्या अंगणात, उभ्या राहायच्या. "सुमन, तुझी दोन देतंस मा? जेवक आणून घालतंय." त्यांना नाही म्हणायचे सुमनच्या मनातही येत नसे.

जमिनीवर त्यांच्याइतके निष्काळजी माणूस मी पाहिले नाही. एकदा देवळात पालखीला गेलो असता त्यांनी मंग्याला हरवले. हरवल्याचे त्यांच्या लक्षात आले ते खाऊचे खाजे वाटताना, एक वाटा उरला तेव्हा. मग त्यांनी अशी हाक मारली की वाजंत्री थांबली. "मंग्या रे, मेल्या, खंय मेलंस?" मंग्या ढोलवाल्यांच्या पडशीवर डोके ठेवून झोपला होता. त्याच्या आईला त्यांनी घरी आल्यावर सांगितले की तुझा मुलगा देवाच्या पायाशी झोपला होता, पुण्य मिळवून आलाय.

दुसऱ्या वेळी सड्यावर, वरच्या कातळाच्या माळावर, करवंदे काढायला गेले असता वसंताची चड्डी काट्यात फाटली, ती इतकी की घालण्याचा उपयोग उरला नाही. वयनींनी त्याला कुड्याची पाने बांधून आणले. तो लाजून दाराबाहेरच थांबला. त्या मला म्हणाल्या, "भावजी, पानां सात आसत. मोजून घेवा, मगे माज्यार येवक नको." अशा वेळी त्यांचे खांदे इतके हलत की त्या खांबाला धरून उभ्या राहत.

खाडीवर मात्र बाई वेगळी होती.

आमच्या वाडीतून खाडीकडे जाणाऱ्या पायवाटेवर, पाण्याच्या अलीकडे साठ पावलांवर, राखणदाराचा दगड आहे. राखणदार म्हणजे वाडीची हद्द सांभाळणारा. त्याला वर्षातून एकदा रोट आणि विडी ठेवतात. त्या दगडाशी आल्यावर वयनी थांबायच्या. पोरांनी येताना उंडीच्या झाडाखालून एकेक गोल, टणक बी उचलून आणलेली असायची. "नावां ठेवा," असे त्या म्हणत. प्रत्येक पोर आपली बी दगडाच्या खोबणीत ठेवी. तिथून पुढे कोणाला नाव नाही. नलू एक, रघू दोन, शालू तीन, वसंत पाच, मंग्या सहा. परत येताना त्याच जागी "नावां उचला" म्हटले की पोरे आपापली बी उचलीत आणि आपलेच नाव जितके मोठ्याने ओरडता येईल तितके ओरडत. घरी बसून मला तो गलका ऐकू येई आणि मी सुमनला पाणी तापवायला सांगे.

पहिल्यांदा मी त्यांच्याबरोबर गेलो ते पंचावन्न सालच्या मे महिन्यात. पाण्याच्या काठी त्यांचा आवाज खाली आला. थट्टा बंद. पाण्याकडे त्या पाठ करीत नव्हत्या. पदरातून घावन काढतानासुद्धा तोंड खाडीकडे. थोड्या थोड्या वेळाने त्या आकडे म्हणत, आणि आकडा ऐकला की त्या पोराने असेल तिथे थांबायचे, हातातले काम सोडायचे, आपला आकडा परत म्हणायचा, आणि हलायचे नाही. निघायची वेळ झाली की त्या एकेकाचा आकडा घेऊन बोटाने वाट दाखवीत. तशी वाट दाखवल्यावरच पोर निघे.

मला हे सगळे फार लांबण वाटले. खाडीच्या मधोमध ओहोटीला वाळूचा एक पट्टा उघडा पडतो, मुळे तिथेच सापडतात. काठ आणि पट्टा यांच्यामध्ये एक चर आहे. तो वरून दिसत नाही, पण भरती लागली की पाणी आधी त्याच्यात शिरते. म्हणून वरच्या अंगाने वळसा घालून यावे लागते. मी पावले मोजली होती. सरळ चाळीस, वळशाने दोनशे साठ.

आणखी एक गोष्ट मी मोजली. पोरे पाच, खोबणीत बिया सहा. सहावी जुनी, काळी पडलेली, कोणी उचलत नसे. घावनांचेही तसेच. सहा तुकडे व्हायचे, आणि एक केळीच्या पानात गुंडाळून दगडाशी राहायचा. तो राखणदाराचा, असे मी धरून चाललो. पण आकड्यांत चार का नाही, हे विचारल्याशिवाय मला राहवले नाही.

वयनी म्हणाल्या, "चार लागतत ते खांद्याक, भावजी. पोरांच्या खेळात कित्याक व्हये?"

अशा बाबतीत वाडीत अनेक समजुती आहेत. ही त्यांतली एक, असे मी समजलो.

खरे काय ते सुमनने सांगितले. तिला विहिरीवर कळले होते. वयनींना नलूच्या पाठचा आणि रघूच्या आधीचा एक मुलगा होता. सहा वर्षांचा असताना, पन्नास साली, तो त्या चरात बुडाला. त्या दिवशी भर दुपारी वाडीतल्या दोघांनी खाडीच्या बाजूने त्या मुलाच्या नावाने मारलेली हाक ऐकली होती. आवाज बाईचा होता. वयनी तर घरात होत्या. तेव्हा हाक पाण्यातून आली, असे ठरले. पाण्याने नाव घेऊन बोलावले की पोर जाते. म्हणून पाण्याच्या कानावर नाव पडू द्यायचे नाही. त्या मुलाचे नाव वाडीत कोणी घेत नसे. सुमनलाही ते कोणी सांगितले नाही.

मी पाण्यातून येणाऱ्या हाकांवर विश्वास ठेवणारा नाही. पण त्या रात्री आडवा झाल्यावर आकडे आपोआप जुळले. वयनींनी आकडे वयाने दिले होते. नलू बारा, रघू दहा, शालू आठ, वसंत पाच, मंग्या चार. आठ आणि पाच यांच्यामध्ये सहा. तो वाढला नव्हता. धाकटा भाऊ त्याच्याहून चार वर्षांनी मोठा झाला होता, आणि हा आपला सहावरच, शालूच्या मागे आणि वसंताच्या पुढे, चौथ्या जागी उभा होता. मी उठून मुलांच्या अंगावरचे पांघरूण नीट केले. याला कारण काही नव्हते.

पुढच्या वर्षी, छप्पन्न सालच्या मे महिन्यात, वसंत सहाचा झाला.

त्या शनिवारी शालूला ताप होता म्हणून ती घरी राहिली. बाकीची चार पोरे वयनींबरोबर गेली. मी बंदरावरून लवकर सुटलो होतो आणि भरती-ओहोटीचे कोष्टक माझ्या डोक्यात होते. अमावास्या नुकतीच झालेली, म्हणजे उधाणाचे दिवस. भरती चार वाजून वीस मिनिटांनी लागायची होती. पावणेपाच झाले तरी पोरांचा गलका ऐकू येईना, म्हणून मी निघालो.

राखणदाराच्या दगडाशी पोहोचलो तिथून कांदळाच्या झुडपांमधून खाडी दिसते. वयनी काठावर उभ्या होत्या. नलू आणि रघू वळशाच्या वाटेने येत होते, मंग्याचा हात नलूच्या हातात. वसंत एकटाच पट्ट्यावर उभा होता, टोपली पोटाशी धरून, अगदी स्थिर. त्याच्यामागे पाणी चढलेले दिसत होते. मी हिशेब केला. दोनशे साठ पावले, सहा वर्षांच्या मुलाची, वाळूतून. माझ्या मते वेळ उरली नव्हती. वयनींचा हात अजून वर गेला नव्हता. त्या पुढची तिघे वळणावर पोहोचण्याची वाट पाहत असाव्यात. मला ते सहन झाले नाही. मी झुडपाआडून, असेल तितका जोर लावून ओरडलो, "वसंता!"

त्याने टोपली टाकली आणि तो निघाला. वळशाने नव्हे. सरळ.

चरात तो दोन पावले गेला आणि दिसेनासा झाला. मी धावलो. साठ पावले. मी पोहोचण्याच्या आधी वयनी पाण्यात शिरल्या होत्या. घोट्यावर पाणी येऊ न देणारी ती बाई छातीपर्यंत चरात उभी होती आणि तिने त्याला केसांनी धरून वर काढले होते. त्याही वेळी तिने नाव घेतले नाही. "पाच, माज्याकडे बघ. पाच, हात सोडू नको." वसंताच्या नाकातोंडातून पाणी येत होते. गुडघा कालवांच्या शिंपांनी कापला होता. त्याचा वण अजून आहे, दीड इंच. बाकी काही नाही. टोपली वाहून गेली.

काठावर आल्यावर वयनींनी आधी आकडे घेतले. एक, दोन, पाच, सहा. चौघांनीही ओ दिली. मग माझ्याकडे न बघता त्या हळू आवाजात म्हणाल्या, "आकडो घेतल्यार पोर थांबता. नाव घेतल्यार सरळ येता, भावजी. वाट बघणा नाय."

त्यांच्या आकड्यांचा अर्थ मला तेव्हा कळला. त्यात भुताखेताचे काही नव्हते. पोराने उभे राहावे म्हणून तो आकडा होता.

पुढच्या महिन्यात त्याच तिथीला, पाऊस असूनही, मी खाडीवर घड्याळ घेऊन उभा राहिलो. वळशाची वाट पाच वाजून पंचवीस मिनिटांपर्यंत गुडघ्याखाली राहिली. माझी हाक चार वाजून पन्नास मिनिटांची होती. पस्तीस मिनिटे शिल्लक होती. वयनींचा अंदाज बरोबर होता, माझा चुकला होता.

त्या दिवशी घरी आल्यावर सुमनने वसंताला पोटाशी घेतले आणि विचारले, तू सरळ कित्याक इलंस? तो म्हणाला, "माका कोणी तरी हाक मारल्यान."

नलूनेही सांगितले, हाक आली होती, वाऱ्यात नीट कळली नाही, पण बाप्याचा आवाज होता. मला पोरांनी पाहिले ते मी धावत आल्यावर. आरडाओरडा ऐकून आलो, असे त्यांनी धरले. सुमनचा चेहरा पांढरा पडला. ती मला म्हणाली, "तो वाढल्याबिगर रवता काय? आता तो वसंताक बोलावता." मला समजायला क्षणभर लागला. तो म्हणजे वयनींचा मुलगा, पाण्यात राहून बाप्या झालेला.

तेव्हाच सांगायला हवे होते. चार शब्दांचे काम होते. मी तोंड उघडले, आणि सुमन रडू लागली, आणि मी म्हटले उद्या सांगू.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाडीतल्या बायकांनी गुरवाला बोलावले. राखणदारापुढे गाऱ्हाणे घालायचे ठरले. गाऱ्हाणे म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवाला घातलेली विनंती. एकाने म्हणायचे, बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणून दुजोरा द्यायचा. दुपारचे बारा वाजले होते. आम्ही एकवीस माणसे होतो. गुरवाने नारळ हातात घेतला आणि म्हटले, बा राखणदारा, ह्या लेकराक ज्या कोणी हाक मारल्यान असात, तेका तुज्या हद्दीत बांधून घाल, तेचो आवाज परत निघाक देव नको.

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. त्या एकवीसांत माझा आवाज होता.

वयनी मागे उंडीच्या झाडाखाली उभ्या होत्या. त्यांचे ओठ हलले नाहीत. त्यांच्या मेलेल्या मुलाला त्यांच्या डोळ्यांदेखत भूत ठरवून बांधले जात होते, आणि ज्याची ती हाक होती तो माणूस पहिल्या रांगेत उभा राहून होकार भरत होता. त्यांनी माझ्याकडे एकदाच पाहिले. रागाने पाहिले असते तर बरे झाले असते. नंतर गुरवाने दगड धुतला, खोबणीतल्या बिया काढल्या आणि खाडीकडे भिरकावल्या.

त्यानंतर पोरे त्यांच्याकडे जायची बंद झाली. कोणी तसे त्यांना सांगितले नाही. मंग्याच्या आईने सुटीत त्याला मामाकडे पाठवले. शालूला शिवण होते. वसंताला काही ना काही काम निघे. पहिल्या वर्षी मे महिन्यात वयनी आमच्या खळ्यापर्यंत आल्या, थोडा वेळ उभ्या राहिल्या, सुमनला पायलीभर तांदूळ कांडायचे आहेत का विचारले आणि गेल्या. दुसऱ्या वर्षी आल्या नाहीत. कुंपणापलीकडून नारळांबद्दल, माझ्या मोजण्याबद्दल बोलणे थांबले. समोर आल्या तर बऱ्या बोलत. हसतही. पण खांदे हलत नसत.

खाडीवर त्या एकट्या जात राहिल्या. मी पुष्कळदा पाहिले. मुळे काढत नसत. नुसते ओहोटी संपेपर्यंत काठावर उभे राहायचे आणि भरती चराच्या वर आली की परतायचे. वाडीतल्या बायका म्हणत, लेकाक भेटाक जाता. मी प्रत्येक वेळी ठरवी, आज सांगू. चार वर्षे ठरवीत होतो. रोज शंभर माणसे मोजून एकही चुकू न देणारा मी, ही एक चूक मला दुरुस्त करता आली नाही. कारण विचाराल तर भीती. सुमनची नव्हे, वाडीचीही नव्हे. देवापुढे "व्हय म्हाराजा" म्हटले होते, ते मागे कसे घ्यायचे, हे मला समजत नव्हते. देव मी फारसा मानत नाही. तरीही.

साठ साली पावसाळ्यानंतर त्यांचे यजमान बोट सोडून मुंबईला गोदीत लागले आणि त्यांनी बिऱ्हाड तिकडे न्यायचे ठरवले. निघण्याच्या दिवशी सकाळी वयनी आमच्याकडे निरोप घ्यायला आल्या. सुमनने त्यांची ओटी भरली. ओटी नीट भरली, पण वसंताला पुढे केले नाही. तो शाळेत गेला असे सांगितले. तो मागीलदारी होता आणि आमच्या तिघांनाही ते माहीत होते.

त्या गेल्यावर मी मागोमाग निघालो. त्या पायवाटेने खाडीकडे गेल्या होत्या आणि राखणदाराच्या दगडाशी थांबल्या होत्या. दगडाच्या पलीकडे त्या गेल्या नाहीत. मीही अलीकडेच थांबलो.

मी म्हटले, "वयनी, ती हाक माजी होती. मी सांगूक नाय."

त्या म्हणाल्या, "माका म्हायत आसा. तुमचो आवाज मी वळखणय नाय काय?"

"मगे तुमी सांगलास नाय कित्याक?"

खाडीला ओहोटी होती, पट्टा उघडा पडला होता.

"मी खयच्या तोंडान सांगू, भावजी? मीवय सांगूक नाय. पयली हाक पाण्यातसून इली नाय. ती माजी. मी घरात नाय होतंय. हंयसर होतंय, तुमी उभे आसास थंय. पाणी इलेला दिसला आनि मी नाव घेवन हाक मारलंय. तो सरळ इलो." मग म्हणाल्या, "घोवाक आजून म्हायत नाय. त्येंका वाटता, पाण्यान बोलावल्यान. वाटांदे. पाण्यार राग करूक येता."

त्यांनी कनवटीतून काहीतरी काढून माझ्या हातात दिले. काळी पडलेली उंडीची बी. गुरवाने भिरकावली ती त्यांनी त्याच दिवशी शोधून आणली होती.

"ही खोबणीत ठेवा. एक तरी रवांदे. आनि त्याचा नाव घेवक आता हंयसर कोण उरणा नाय. तुमी घेवा. घरात घेवा, देवळात घेवा. पाण्याकडे नको."

आणि त्यांनी मला नाव सांगितले. साधे, चारचौघांचे असते तसे नाव. दहा वर्षांत ते त्यांच्या तोंडून पहिल्यांदा निघत असावे, कारण ते म्हणताना त्यांचा आवाज देवळात मंग्याला हाक मारतानाचा होता, मोठा आणि मोकळा. मी नकळत खाडीकडे पाहिले. पट्ट्यावर कोणी नव्हते.

दुपारी बंदरावर मी पडावात चढणारे उतारू मोजले. एकोणीस. वयनी सतरावी. नलू आणि रघू पुढे बसले होते, मुंबईच्या गोष्टी बोलत. वयनी मागच्या फळीवर आमच्याकडे तोंड करून बसल्या. पडावाभोवती सगळीकडेच पाणी, त्यामुळे पाठ कोणीकडे करायची हा प्रश्नच उरला नव्हता. पडाव सुटला. त्या हात हलवीत नव्हत्या. पडाव आणि धक्का यांच्यामध्ये पाणी रुंद होत होते, तिकडे बघत होत्या, आणि त्यांचे ओठ हलत होते. काय म्हणत होत्या ते मला ऐकू आले नाही, पण मला ते माहीत होते. पूर्वी त्या पाच वेळा ओठ हलवीत, तिनानंतर श्वासभर थांबून. त्या दिवशी मी मोजले. सहा वेळा हलले. मध्ये थांबल्या नाहीत.

त्या संध्याकाळी मी सुमनला सगळे सांगितले. ती सुपात तांदूळ निवडत होती. तिने निवडणे थांबवले नाही. तिने एकच विचारले, "हाक तुमची होती तर व्हय म्हाराजा कित्याक म्हटलास?" तिने परत विचारले नाही. पण दुसऱ्या दिवशी तिने शालूकडून मुंबईला पत्र लिहून घेतले. काय लिहिले ते मला दाखवले नाही. महिनाभराने नलूच्या अक्षरात कार्ड आले. खोली लहान आहे, नळाला पाणी दोन तास असते, बाबांची प्रकृती ठीक. शेवटी एक ओळ: आई विचारते, पाच कसा आहे.

वसंताला त्या दिवसाची हाक अजून आठवते. कोणाची ते त्याला माहीत नाही. इतक्या वर्षांत त्याने कधी विचारले नाही, पण भर दुपारी खाडीवर तो एकटा जात नाही, हे मी पाहिले आहे. हे लिहून झाले की त्याला वाचायला देणार आहे. तो काय म्हणेल त्याचा अंदाज मी केलेला नाही. माझे अंदाज चुकतात.

उंडीची बी खोबणीत आहे. पावसाळ्यात वाहून जाऊ नये म्हणून मी ती चिखलाने लिंपतो. महिन्यातून एकदा देवळात गेलो की त्या मुलाचे नाव घेतो, वयनींनी सांगितले तसे. इथे मात्र ते लिहीत नाही. मी लिहायला बसतो ती पडवी खाडीपासून एकशे चाळीस पावलांवर आहे, आणि उधाणाच्या भरतीला त्यांतली तीस कमी होतात.